मराठी विभाग

मध्य प्रदेशातल्या देवासात आमच्या समोर राहणाऱ्या वहिनी एका बंद पडलेल्या मालिकेतल्या मावशीवर मराठीत नव्या गोष्टी लिहून चाहत्यांच्या साइटवर टाकत. त्यांचं प्रत्येक वाक्य "है ना, भाऊजी?"वर संपतं. मी सवयीने हो म्हणतो.

ती साइट बंद होणार असं कळल्यावर एकेकाची परवानगी मागून सगळ्यांच्या गोष्टी त्यांनीच नव्या साइटवर हलवल्या. ही नवी साइट चालवणाऱ्या मुलांनी मराठी विभागच काढून टाकला. वहिनींना म्हणाले, "मौसीजी, इसे पढ़ता कौन है?" वहिनींच्या सतराही गोष्टी गेल्या. इतरांच्या हिंदी गोष्टी मात्र त्या तिथे अजून नीट लावून ठेवतात.

"भांडा की त्यांच्याशी!" मी चिडलो.

"कोणत्या तोंडानं? माझ्या लेकीलाच मराठी वाचता येत नाही. है ना, भाऊजी?"

माझा मुलगाही हिंदीच वाचतो. या वेळी मला सवयीने हो म्हणता आलं नाही.