सीटवर परवानेवाला माणूस हवा

एस.टी.तून निवृत्त झालो त्या दिवशी डेपोत मला हार घातला, नारळ दिला आणि एक साहेब उठून म्हणाले, यांच्या हातून आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खरं होतं ते. जामखेड-मिरजगाव भागातल्या आतल्या खेड्यांना मी जन्मभर लाल गाडी फिरवली, मधली तीन वर्षं नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या घाटात काढली, पण गाडीला रक्ताचा डाग नाही. माणसांशी माझं कधी पटलं नाही. प्रवाशांशी भांडलो, कंडक्टरशी तर रोज भांडलो, पण गाडी चालवताना डोकं थंड. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवायचो की आमची बायको म्हणायची, "पुरे की आता! भिंतींनासुद्धा पाठ झालं." हल्ली ती असलं काही म्हणत नाही.

घरी बसल्यावर चार महिन्यांत मी सगळ्यांना वैताग आणला. चहा पातळ झाला, रेडिओ मोठा लागला, सगळ्यावर माझी कटकट. तेवढ्यात कळलं की पुण्याची कसलीशी कंपनी आपोआप चालणारी गाडी घेऊन आमच्या भागात आली आहे आणि तिला जड वाहनाचा परवाना असलेला जुना ड्रायव्हर हवा आहे. मी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

गाडी म्हणजे विजेवरची छोटी व्हॅन. डोक्यावर एक गरगरणारा डबा, चारी बाजूंना कॅमेरे, तांबड्या पाटीवर तात्पुरता नंबर. हायवेवरच्या चौकातून दुधाचे रिकामे क्रेट घ्यायचे, आतल्या गावाच्या दूध केंद्रावर टाकायचे आणि परत यायचं, एवढंच तिचं काम. स्टेअरिंग आपलं आपण फिरायचं. पहिल्या दिवशी ते बघून माझ्या अंगावर काटा आला. कंपनीची एक तरुण इंजिनिअर मागच्या सीटवर संगणक घेऊन बसायची. चांगली मुलगी होती, मला काका म्हणायची. मी तिला विचारलं, "गाडी स्वतः चालते तर मला कशाला बसवता? शोभेला?"

ती हसली. म्हणाली, "काका, आपल्याकडे बिनड्रायव्हरच्या गाडीचा कायदाच नाही अजून. कायद्यात गाडी म्हटली की ड्रायव्हर आलाच. आम्हाला चाचणीपुरती परवानगी मिळालीय, ती एका अटीवर. सीटवर परवानेवाला माणूस हवा."

"आणि त्यानं करायचं काय?"

"लक्ष ठेवायचं. वाटलंच तर ब्रेक दाबायचा. ब्रेकला पाय लागला की गाडी तुमच्या ताब्यात."

मग तिनं इंग्रजीतला कागदांचा गठ्ठा पुढे केला. मी खुणा केलेल्या जागी सह्या ठोकल्या. एवढी वर्षं ड्युटीच्या रजिस्टरवर सही करत आलो होतो, त्यात वाचायचं काय असतं?

पहिले दोन महिने हात मांडीवर ठेवून बसायचो. गाडी शहाणी होती. शेळी आडवी आली तर थांबायची, उसाच्या ट्रॅक्टरमागून मुकाट चालायची, कुणाला शिव्या द्यायची नाही. मला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं.

मग हुलग्यांचे, म्हणजे कुळथाचे, दिवस आले. आमच्याकडे हुलगे उपटले की वाळलेले वेल डांबरी रस्त्यावर पसरतात. येणारी-जाणारी वाहनं वरून जातात, शेंगा फुटतात, बायका काठीनं वेल खालीवर करतात आणि संध्याकाळी दाणे भरून नेतात. खळं कोण करतो आता? रस्ताच खळं. सगळ्या ड्रायव्हरांना हे ठाऊक असतं. हुलगे दिसले की वेग कमी करायचा, दोनदा हॉर्न द्यायचा आणि बाजूनं न जाता मुद्दाम वरून जायचं. बाजूनं गेलं तर लोकांना राग येतो.

त्या रस्त्यावर वळणाच्या अलीकडे एक बाई दरवर्षी हुलगे टाकायची. माझ्याच वयाची, विधवा, दोन एकर कोरडवाहू. माझी एस.टी. तिच्या हुलग्यांवरून किती वर्षं गेली, मोजदाद नाही. ती वाकलेली असायची, मी दोनदा हॉर्न द्यायचो, ती उठून दोन पावलं बाजूला व्हायची आणि हात करायची. मीही हात करायचो. कधी डब्यापुरते हुलगे पुडीत बांधून खिडकीतून द्यायची. ओळख म्हणजे एवढीच, पण पक्की.

आमची व्हॅन मात्र हुलगे पाहून ठप्प उभी राहिली. पुढं काहीतरी आडवं पडलंय असं तिला वाटलं. मागं टेम्पोवाले बोंबलायला लागले. इंजिनिअर गोंधळली. आणि मी, शहाण्यांचा बाप, मागं वळून म्हणालो, "अगं, ते तुडवायलाच टाकलंय! सांग तुझ्या गाडीला, बिनधास्त वरून जा."

तिनं तीन दिवस हुलग्यांचे फोटो काढले, संगणकाला काय ते शिकवलं आणि चौथ्या दिवशी गाडी हुलग्यांवरून अलगद गेली. तिनं टाळी वाजवली. "काका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नसतं." मी घरी येऊन बायकोला सांगितलं की यंत्राला मी शिकवलं. केवढा ताठलो होतो त्या दिवशी!

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दहाचं ऊन. वळण ओलांडलं आणि लांबून ती बाई दिसली. काठी घेऊन उभी होती, मातकट रंगाचं लुगडं. तिनं मान वर करून काचेतून मला पाहिलं. मी मांडीवरचा हात उचलून तिला हात केला. ती परत कामाला लागली. खाली बसली आणि वेलांचा भारा कवेत घेऊन उलथा करायला लागली. आता ती आणि हुलगे एकाच रंगाचे. गाडी वेग कमी करेना. मला वाटलं, करेल, शेळीला थांबते तर माणसाला थांबणार नाही? एक क्षण मी वाट पाहिली. तो एक क्षण मी कुणाला सांगितला नाही, आज इथं लिहितोय. मग माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, अख्ख्या जन्माची सवय ती. टायर हुलग्यांवर घसरले. ती वाचली. उजवा पाय चाकाखाली आला.

जीपमध्ये घालून तिला नगरला नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला.

आणि मग कायदा सुरू झाला. पोलिसांच्या कागदावर वाहनचालकाचं नाव लिहायला एक रकाना असतो, तो मोकळा सोडता येत नाही. मी म्हणालो, साहेब, गाडी मी चालवत नव्हतो. ते बिचारे म्हणाले, मग कुणाचं नाव टाकू? कंपनीनं गाडीतल्या संगणकाची नोंद आणून दिली. त्यात स्वच्छ होतं की धडकेच्या दीड सेकंद आधी ताबा माणसाकडे गेला. म्हणजे मी ब्रेक दाबला त्या घडीला. त्याआधी गाडी स्वतःच्या ताब्यात होती, त्यानंतर माझ्या. माझ्या वकिलांनी ते कागद दोनदा वाचले आणि चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही पाय लावलाच नसता तर तुमच्यावर काही आलं नसतं." मी ओरडलो, "पाय लावला नसता तर ती मेली असती हो!" ते म्हणाले, "हो. पण कायद्याला तेवढंच दिसतं." खुर्चीला लाथ घालून बाहेर आलो.

कंपनीच्या वकिलानं त्यापुढची मजल मारली. रस्त्यावर पीक पसरणं हाच मुळी गुन्हा, म्हणे. म्हणजे पाय गेला तीही गुन्हेगार, ब्रेक मारला तोही गुन्हेगार, आणि जिनं चिरडलं ती गाडी निर्दोष. अशा गाड्यांसाठी नवे नियम येणार आहेत, असं सगळेच सांगायचे. येऊ देत, पाय काही परत यायचा नाही.

आर.टी.ओ.त परवान्याच्या सुनावणीची तारीख लागली. वकिलांनी माझा जबाब लिहून ठेवला: अपघातसमयी वाहन मी चालवत नव्हतो. मी तो पाठ केला. माझं नाव, माझी सगळी नोकरी त्या एका ओळीवर टांगलेली होती. पण रात्रंदिवस दुसरंच पोखरत होतं. हुलग्यांवरून जा, हे गाडीला सांगितलं कुणी? ते कुठल्याही कागदात नव्हतं. ते कुणी विचारणारही नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ओसरीत बाजेवर बसली होती, पायावर चादर. सुनेनं पाणी दिलं आणि आत निघून गेली, चहाचं विचारलं नाही. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "बाई, माझंच चुकलं. ती गाडी हुलगे बघून थांबायची. मीच शिकवलं तिला वरून जायला."

तिनं चादरीची कड सारखी केली. मग म्हणाली, "बरोबरच सांगितलं की. हुलगं तुडवायलाच टाकत्यात."

"तुम्हाला गाडी ऐकू नाही आली?"

"आवाजच न्हाई तिला. पन मी बघितली हुती की. ती बिनडायवरची गाडी म्हनून आमी बाया लई भ्यायचो. लांबनं दिसली तरी रस्ता सोडून बांधावर जायचो. त्या दिवशीबी उठनार हुते." तिनं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "पन आत तुमी दिसला. म्हनलं, आपले एस.टी.वाले भाऊ हायेत. तुमी हातबी केला. मग कशाला उठू?"

तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. तीही रडली. सून दारात येऊन उभी राहिली आणि तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत आर.टी.ओ.च्या साहेबांनी विचारलं, "अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं?" शेजारी वकील जबाबाचा कागद धरून बसले होते.

मी म्हणालो, "मी."

वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. परवाना गेला. कोर्टातला खटला चालू आहे, त्यात आता लढण्यासारखं काही उरलं नाही. बायकोनं निवृत्तीच्या दिवशी डेपोत काढलेला माझा फोटो भिंतीवरून उतरवून पेटीत ठेवला.

गाडी महिनाभर बंद होती, मग परत सुरू झाली. परवानगी तीच, अटही तीच. आता सीटवर माझ्याच डेपोतला एक निवृत्त ड्रायव्हर बसतो. चांगला माणूस आहे, त्याच्याही हातून कधी कुणाला खरचटलेलं नाही. परवा मी दुधाची किटली घेऊन त्या रस्त्यानं चाललो होतो. समोरून व्हॅन आली, आवाज न करता. त्यानं काचेतून मला ओळखलं आणि हसून हात केला.

मी रस्ता सोडून बांधावर जाऊन उभा राहिलो.