धामणीच्या पोटात काय होतं

धामण लवकर मरत नाही. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गोठ्याच्या दारात पहिली काठी घातली तेव्हा तिची कंबर मोडली असावी. मागचा भाग जागीच पडून राहिला आणि पुढचा शेणातून सरपटत गव्हाणीकडे निघाला.

"डोकं ठेच, डोकं," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

मालकांनी कुदळ उलटी धरून डोकं ठेचलं. शेपटी तरी हलतच होती. मग ते थकेपर्यंत मारत राहिले. भिंतीवर रक्त उडालं, माझ्या लुगड्यावरही उडालं.

शेजारच्या खाचरात बिल्डिंगसाठी जेसीबी लागल्यापासून साप आमच्याकडे यायला लागले होते. त्यातच म्हशीचं दूध आठ-दहा दिवस कमी झालं होतं. धार काढताना ती लाथा मारत होती आणि तिच्या मागच्या पायांवर वळ उठले होते. धामण म्हशीच्या पायांना वेढा घालून सड चोखते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आत्याबाईंनी ते वळ दाखवले होते. "ह्यो बघ येढा. आणि काय पायजे?"

"पुरून ये," मालक मला म्हणाले. मी घमेल्यात धामण घेतली आणि उकिरड्यामागे गेले.

मला एक खोड आहे. चौथीत असताना खुडूक कोंबडीखालचं एक एक अंडं मी चार-चार दिवसांनी फोडून बघितलं होतं. पहिल्यात लाल रेषा होत्या. दुसऱ्यात एक मोठा काळा डोळा होता. तिसऱ्यात चोच होती आणि ते हललं. चौथं फोडताना आईने धरलं आणि उलथन्याने पाठ सोलून काढली. ती पिल्लं मी मारली, हे खरं आहे. पण चोचीच्या आधी डोळा येतो हे मला त्या घरात एकटीलाच माहीत होतं, आणि पाठ दुखत असताना मी तेच आठवत होते.

खड्डा खणून झाला, तरी धामण टाकवेना. दूध प्यायली असेल तर पोटात काहीतरी दिसेल, असं मनात आलं. कोयत्याने पोट चिरलं. घाण वास सुटला. आत तीन उंदीर होते. एक अख्खा, एक अर्धा विरघळलेला, तिसऱ्याचे नुसते केस आणि हाडं. दुधाचा थेंब नव्हता. दूध आधीच जिरलं असेल, असंही वाटलं, म्हणून खात्री होईना.

जेवताना मी हळूच सांगितलं. मी फारसं बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"मेल्याल्या जनावराचं पोट फाडलंस?" मालक म्हणाले. "मंजी मी उगाच मारली व्हय?"

थप्पड डाव्या कानावर बसली. दोन दिवस कानात रातकिडा ओरडत होता.

धामण मेली, तरी दूध वाढलं नाही. उलट अजून कमी झालं. आत्याबाईंनी चुलीपाशी बसून माझ्याकडे बघितलं. "धामण तर गेली. मग आता कोण पितंय गं, भवाने?"

दूध तापवणारी मी, भांडी घासणारी मी. मालकांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. सोमवारी दलाल येणार, म्हैस जाणार. आणि मी माहेरी जाणार. माहेरी आता भाऊ-भावजय आहेत, त्यांच्या दोन खोल्या आहेत. मुलगी अकरावीला आहे. ती इथेच राहील, असंही तेच म्हणाले. मुलगी पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे बघत होती.

शुक्रवारी आत्याबाई पौडला दहाव्याला गेल्या आणि दोन दिवस तिकडेच राहिल्या. एरवी धार त्याच काढतात. गोठ्यात तो मान त्यांचा. त्या दोन दिवसांची धार माझ्याकडे आली.

बादलीत सगळं दूध एकत्र होतं, वर फेस येतो, मग कुठल्या सडाचं काय ते कसं कळणार? मी बादली बाजूला ठेवली आणि चार वाट्या घेतल्या. एका सडाला एक वाटी. तीन सडांचं दूध पांढरं स्वच्छ आलं. मागचा डावा सड हातात धरला तर तापलेला होता, आणि वर कास दगडासारखी घट्ट. पिळला मात्र, म्हशीने लाथ घातली. मी भिंतीवर आपटले. मांडीवर खुराएवढा काळा डाग पडला, तो महिनाभर होता. मी परत बसले. चौथ्या वाटीत पिवळं पाणी आलं, त्यात दह्यासारख्या गाठी आणि रक्ताचा दोरा.

एकदा चुकलं असेल म्हणून शनिवारी सकाळी पुन्हा तसंच केलं. परत लाथ खाल्ली. परत तेच आलं. मग पायांवरचे वळ जवळून बघितले. लाथा मारते म्हणून आत्याबाई तिचे पाय काथ्याच्या दोरीने बांधायच्या. दोरीचा पीळ वळाला लावून बघितला. तंतोतंत बसला.

रविवारी आत्याबाई आल्यावर मी वाट्या पुढे ठेवल्या. 

"हिनंच काय तरी कालवलं आसंल," आत्याबाई मालकांना म्हणाल्या. "लई चौकशा हायेत हिला."

"आत्याबाई, तुमीच पिळा," मी म्हणाले. "तुमच्या हातानं. वाटी बी तुमीच धुऊन घ्या."

त्यांनी वाटी तीनदा धुतली. मालकांनी म्हशीचं डोकं दाबून धरलं. आत्याबाईंनी सड पिळला आणि म्हैस अशी हंबरली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. वाटीत तेच पिवळं पाणी. आत्याबाईंनी त्यात बोट घालून गाठी चोळून बघितल्या. मालकांनी फोन काढला.

जनावरांचे डॉक्टर दुपारी आले. "दगडी झालीय, कासदाह," ते म्हणाले. "आठवड्यापूर्वी बोलावलं असतं तर सड वाचला असता." मालकांनी धामणीचं सांगितलं तेव्हा ते हसले. "चोखायला सापाला ओठ कुठायत, पाटील?"

दलालाला नको म्हणून फोन गेला. माझ्याबद्दल वेगळं कोणी काही बोललं नाही, पण सोमवारी सकाळी चहा मीच केला. सड मात्र मेला. तीन सडांची म्हैस आजही दावणीला आहे.

मुलगी म्हणाली, आई, तू केलंस त्याला प्रयोग म्हणतात. एकेक गोष्ट वेगळी करून बघायची, परत करायची, मग दुसऱ्याला करायला लावायची. मोठमोठे शास्त्रज्ञ असंच करतात. मी विचारलं, त्यांनाही लाथा बसतात का? ती म्हणाली, काहींना बसल्या. मला ते ऐकून बरं वाटलं.

भाताच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली होती, त्या दिवसांत दुसरी धामण आली. आत्याबाई धारेला बसल्या होत्या. मालकांनी काठी उचलली. सवयच ती. मी मधे हात घातला. का घातला, ते अजून सांगता येत नाही. उंदरांमुळे म्हणावं, तर तेवढंच नव्हतं. पहिलीला आम्ही न केलेल्या गुन्ह्यासाठी मारली होती. काठी करंगळीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी आला, कळ नंतर आली. मालकांनी काठी परत वर नेली होती.

आत्याबाई वळल्याही नाहीत. त्यांच्या हातात वाटी होती. आता बादली लावण्याआधी त्या रोज एकेक सड वाटीत पिळून बघतात, मला न सांगता.

"ऱ्हाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "उंदीर खातीय ती."

धामण लाकडांच्या ढिगात गेली. करंगळी वाकडीच जुळली. मुलीच्या जुन्या वहीत हे लिहिते आहे, तर ती करंगळी कागदाला टेकत नाही, वरच राहते.