पापणी ओढून बघणारी वहिनी

माझी वहिनी पशुसखी झाली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हसलो तो मी. शेळ्यांच्या उपचारांचं शिक्षण बचत गटातल्या एका बाईला मिळणार होतं. कुणीच पुढे होईना, म्हणून वहिनीने हात वर केला. दहा दिवसांनी ती परतली, ती एक निळी पिशवी, टांगायचा काटा आणि सुई नसलेली मोठी सिरिंज घेऊन.

"आता डॉक्टरीणबाई म्हणायचं का?" मी विचारलं.

"म्हणा की, भावजी," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

आमचं गाव भिवंडीजवळच्या कोन गावाच्या आतल्या बाजूला. बरीचशी शेतं गोदामांखाली गेली. मीही दापोड्याच्या एका गोदामात शिफ्टला जातो. पण दोन गोदामांच्या मधे जी पडीक जागा उरते, तिथे पावसाळ्यात कमरेएवढं गवत होतं, आणि त्यावर गावातल्या शेळ्या जगतात. आमच्या अकरा होत्या.

त्या वर्षी गणपती गेले आणि शेळ्या खंगू लागल्या. खायच्या, पण अंगाला लागेना. एकीच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबायला लागली. आईने दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी ती शेळी मेली.

तिला पुरून आम्ही परत आलो, तेव्हा वहिनी गोठ्यात बसलेली दिसली. एकेक शेळी गुडघ्यांत धरून ती अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून बघत होती.

"हे बघा, भावजी. आतून लाल पाहिजे. हिचं कागदासारखं पांढरं हाय. पोटातले जंत रक्त पितात. अंगात रक्तच न्हाय उरलं."

मी म्हणालो, त्यात काय एवढं, जंताच्या औषधाची गेल्या वर्षीची अर्धी बाटली आहे, एकेक झाकण सगळ्यांना पाजू. तिने बाटली हातात घेतली, तारीख वाचली आणि फेकून दिली. मग आपल्या निळ्या पिशवीतून नवी बाटली काढली आणि काटा आढ्याला टांगला. प्रत्येक शेळीला पोत्याच्या झोळीत घालून तिने वजन केलं आणि माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. अंदाजाने कमी औषध गेलं तर जंत मरत नाहीत, उलट त्याला सरावतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाजताना मी शेळीचं तोंड आभाळाकडे केलं, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"मान सरळ ठेवा. वर केली तर औषध फुप्फुसात जाईल."

तोंडाच्या कडेने सिरिंज घालायची, जिभेवर थोडं सोडायचं, शेळीने गिळेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा थोडं. तिला कसलीच घाई नव्हती. घरात सासूसमोर मान वर न करणारी बाई ती हीच का, असं मला वाटून गेलं.

आमच्या दहाही शेळ्या वाचल्या. गोष्ट गावभर झाली आणि थोरले काका घरी आले. त्यांच्या चाळीस शेळ्या, गावात सगळ्यांत मोठा कळप. दर दोन महिन्यांनी ते स्वतःच जंताचं औषध पाजायचे, वर्षानुवर्षं एकच, तरी शेळ्या पडत होत्या.

"कडक दवा दे. डबल दे," ते म्हणाले.

वहिनीने औषध दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्या गोठ्यातून सात शेळ्यांच्या ताज्या लेंड्या सात पिशव्यांत भरल्या, प्रत्येकीवर खूण लिहिली: 'काळी, शिंग मोडलेलं', 'कान फाटका'. मी तिला मोटरसायकलवरून भिवंडीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पिशव्या बघितल्या, तिच्याकडे बघितलं आणि तिलाच सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते.

"दिसली मला, भावजी. जंतांची अंडी. भाताच्या दाण्यासारखी, पण काचेची."

औषध पाजून जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि तरी अंडी भरपूर होती, म्हणजे ते औषध आता त्या कळपाला लागूच पडत नव्हतं. डॉक्टरांनी दुसरं दिलं.

काकांच्या गोठ्यात खरी परीक्षा होती. त्यांना चाळीसही शेळ्यांना पाजायचं होतं. वहिनी म्हणाली, ज्यांच्या पापण्या पांढऱ्या आहेत त्यांनाच. सगळ्यांना उगाच दिलं तर हेही औषध वाया जाईल. काका कुरकुरले, पण ऐकलं. मग त्यांची लाडकी पांढरी शेळी पुढे आली. नुकतीच गाभण होती.

"हिला हे न्हाय चालत," वहिनी म्हणाली. "कोवळ्या गर्भाला बाधतं. हिच्यासाठी डॉक्टरांकडून वेगळं आणलंय."

"दोन-दोन औषधं कशाला? शेळ्या माझ्या हायत. मी सांगतो तसं दे!"

गोठ्यात चार माणसं उभी होती. मी मधे बोलणार होतो, पण तिने मला संधीच दिली नाही.

"शेळ्या तुमच्याच हायत, काका. पण पाजणार मी. पोटातलं करडू गेलं तर माझ्या हाताने जाईल. मी न्हाय देणार."

काका धोतर खोचून खाली बसले आणि पांढऱ्या शेळीची मान स्वतः धरली. सरळ.

"घे. तुझं ते वेगळं पाज."

त्यांच्या दोन शेळ्या तरीही गेल्या. ते कळताच वहिनी स्वतः त्यांच्या दारात गेली. "त्या दोघींत जीवच उरला नव्हता, मला न्हाय वाचवता आल्या," एवढंच म्हणाली. मला नसतं जमलं. मी कुणाला तरी निरोप देऊन मोकळा झालो असतो. बाकीच्या शेळ्या महिन्याभरात सावरल्या आणि पांढरीला पुढे दोन करडं झाली.

आता तिला भिवंडीतूनही बोलावणी येतात. कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं खोलीबाहेर एखाद-दुसरी बकरी बांधून असतात. त्यांच्या बायकांना ती आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगते, "पहले पलक देखो, दवा बाद में." त्या हसतात, पण बकरी पुढे करतात. मला सुट्टी मिळेपर्यंत थांबायचा तिला कंटाळा आला, म्हणून माझ्याकडूनच ती स्कूटी शिकली. कालच पहाटे कुणाचा फोन आला, आणि मी चहा घेईपर्यंत ती रस्त्याला लागलीसुद्धा होती.