अक्कांची तक्रार

राग आला की अक्कांचा आवाज खाली जायचा. समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं. मूळच्या निपाणीच्या अक्कांनी सारी वकिली बेंगळुरूत केली. चिकपेटमधल्या साड्यांच्या दुकानावरची खोली हे त्यांचं ऑफिस. मी पुण्याहून येऊन त्यांची ज्युनिअर झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "अशिलाला बिचारा म्हणायचं नाही. त्याला दया नकोय, कायदा हवाय."

बसप्पा कोरमंगलातल्या एका पीजीत स्वयंपाकी होता. तिथल्या एका भाडेकरूचा लॅपटॉप नाहीसा झाला आणि पोलिसांनी बसप्पाला उचललं. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली. आम्ही लगेच ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, अटक कुठे केलीय, नुसती चौकशी आहे, स्वल्प थांबा. पुढे केलेल्या खुर्चीवर अक्का बसल्या नाहीत.

"चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, असं राज्यघटना सांगते. आज तिसरा दिवस. मी हायकोर्टात जाते, तिथे सांगा स्वल्प थांबा."

तासाभरात बसप्पा बाहेर आला. तळपायांवर मारलं होतं. चपला हातात घेऊन तो भिंतीच्या आधाराने चालत होता. संध्याकाळी लॅपटॉप भाडेकरूच्या मित्राकडेच सापडला. माफी कुणीच मागितली नाही. सुटला हे नशीब, असं मी म्हणून गेले.  रिक्षातून उतरताना अक्का म्हणाल्या, "नशीब कसलं? ज्यांनी मारलं ते उद्या ड्यूटीवर येतील."

बसप्पाने डॉक्टरांचा कागद दिला, सगळी हकीकत सांगितली. पण तक्रारीवर सही करायला तो धजावला नाही आणि रायचूरकडे गावी निघून गेला. अक्कांनी स्वतःच्या नावाने मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. मग तारखांवर तारखा. कधी पोलिसांचा अहवाल नाही, कधी साहेबांची बदली. गुडघे गेले तरी अक्का दर तारखेला जिने चढायच्या.

गेल्या वर्षी हृदयविकाराने त्या गेल्या. पुढच्या तारखेला मी हजर झाले, तर कारकुनाने विचारलं, तक्रारदार मयत आहेत, फाइल बंद करायची ना? माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी कोरा कागद मागून घेतला, तक्रार मी पुढे चालवते असं लिहून दिलं आणि बाहेर येऊन बसप्पाला फोन लावला. अक्का गेल्याचं आणि मी काय लिहून दिलं ते त्याला सांगितलं.

"त्या कागदावर तुमचं नाव खोडा," तो म्हणाला. "मार मी खाल्लाय. सही करायला मी येतो."