डावीकडचा तिसरा पाय

संग्रहालयात तिला सगळे अर्धीताई म्हणत. अंगापिंडानं चांगली दीडताई होती, पण चित्र अर्धंच काढायची. आळस म्हणून नव्हे, कामाची रीतच तशी. प्राण्याच्या दोन्ही बाजू सारख्या. उजवी मोजूनमापून काढायची, पातळ कागदावर उतरवून घ्यायची, कागद उलटवला की डावी तयार. विंचू, भुंगे, कासवं, सगळी तिनं अशीच पुरी केली.

नालखेकडा मात्र जिवंत आला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, घोड्याच्या नालेसारखा, भाल्यासारख्या शेपटीचा. चित्र पोटाकडून हवं होतं, म्हणून तिनं त्याला ट्रेमध्ये उताणा ठेवला.

"हलतोय हो हा," ती म्हणाली.

"मग थांबा," संग्रहपाल म्हणाले. "आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?"

ती थांबली. चार दिवस. डावीकडचा तिसरा पाय मधूनच तुटलेला होता. त्याचा खुंट कवचाच्या कडेवर आपटायचा. टक. जरा वेळानं पुन्हा, टक. उचलून पाण्यात सोडायला तिचे हात कुणी बांधले नव्हते. सोडलं नाही. चौथ्या दुपारी आवाज थांबला, तेव्हा बाईनं पेन्सिलीला टोक केलं. उजवी बाजू काढली, कागद उलटवला. तुटक्या पायाच्या जागी छान धडधाकट पाय आला.

खेकडा बरणीत गेला, चित्र पुस्तकात. वाहवा झाली. आणि सोमवारी, संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी, अर्धीताईला घरी ऐन दुपारी ओट्यामागून आवाज ऐकू यायला लागला. टक. तिनं नळ बदलून घेतला, खिडकीची कडी चिंधीनं बांधली. राहायची भावाकडे, भाऊ दिवसभर कामावर, घरात वहिनी. तिला काय सांगणार? बोलायची सोय नव्हती.

अशी अकरा वर्षं गेली. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, मूळ चित्र कपाटातून बाहेर आलं. अर्धीताई बरणी घेऊनच संग्रहपालांसमोर उभी राहिली.

"हा पाय खोटा आहे. मला खोडू द्या."

"अहो, आपण खेकड्याच्या जातीचं चित्र छापतो, या एका लंगड्याचं नाही!"

"माझ्यासमोर जात नव्हती मेली. हाच होता."

"चित्राला पातं लावलंत तर उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

त्यांचं चूक नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तरी तिनं पातं घेतलं. शाईचा पाय कागदावरून अलगद खरवडला, बरणीत बघून खुंट काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं डावी बाजू डोळ्यांनी बघून काढली. मग ब्रशांचा डबा काखोटीला मारून भर दुपारी घरी आली.

वहिनी ओट्याशी पीठ चाळत होती.

"वन्सं, आज लवकर?"

"हाकललं."

ती पाटावर बसली. कान ओट्याकडे. घटका गेली. काही नाही. तिचे खांदे सैल पडले.

चाळणी मध्येच थांबली. वहिनीनं ओट्यामागे वाकून पाहिलं.

"आज वाजत नाहीये ते," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं ऐकत आलेय मी. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं, उगाच घाबराल."