मावसानं सांगितलेला मद्रासी सिनेमा

दामोदर मावसा गेल्याचा निरोप वडशाहून येणाऱ्या पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. आमचं घर रस्त्यालाच आहे. निरोप सांगून त्यानं डोळे पुसले, आणि मग दारातच उभं राहून मावसानं एकदा अख्ख्या गाडीला कसं हसवलं होतं ते सांगू लागला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, प्रवासी खिडक्यांतून डोकावत होते, आणि मी रडता रडता हसत होतो. मावसाला स्वतःचा निरोप असाच पोचलेला आवडला असता.

मावसा म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तरुणपणी सिरोंचाकडे लाकडाच्या डेपोत नोकरी केली, तिथं तेलगू शिकला, आणि वडशाला परतल्यावर ते तेलगू जन्मभर मिरवलं. हिवाळ्यात आमच्याकडच्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम लागला की हा प्रॉम्प्टर. विंगेत आपलं बुटकं सागवानी स्टूल टाकून बसायचा आणि नट अडखळला की हळूच वाक्य पुरवायचा. कधीकधी नाटकात नसलेलंही पुरवायचा. नट बिचारा बोलून मोकळा व्हायचा, आणि टाळ्या नेमक्या तिथंच पडायच्या.

आमचं लग्नही त्यानं असंच जमवलं. शालू माझ्या मामाची पोरगी. आमच्याकडे मामाच्या पोरीशी लग्न म्हणजे उलट चांगलंच, लोक आपणहून विचारतात. पण माझी आई आणि मामा एकमेकांशी बोलत नव्हते. एका लग्नात मामानं दोघी बहिणींना आहेराची लुगडी दिली, त्यात आईचं लुगडं मावशीच्यापेक्षा हलकं निघालं. आईनं ते तिथल्या तिथं परत केलं आणि माहेरचं नाव टाकलं. इकडे शालूला पाहायला मूल गावाकडचे लोक यायचे होते, आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी मावसाकडे जाऊन गळ घातली. तो म्हणाला, ‘‘जवाई माणूस हाओ मी. सासरच्या भांडणात कसा बोलू?’’ खरंच होतं ते. जावयानं सासरच्या भांडणात तोंड घातलेलं आमच्याकडे कोणालाच खपत नाही. मी मान खाली घालून परतलो.

थोड्याच दिवसांत मावसाच्या नातवाचं बारसं आलं. जावयाच्या घरचं बोलावणं मोडता येत नाही, म्हणून आई आली आणि मामाही आला. ती बायकांच्या घोळक्यात, तो पार दुसऱ्या टोकाला. जेवणं झाल्यावर शेजारच्या धानाच्या गोदामात, दारं लावून, भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ सुरू झाला. तेलगू सिनेमा दाखवतो आणि सांगतोही मीच, अशी मावसानं आधीच दवंडी पिटली होती. पण कॅसेटवाल्यानं दिला तमिळ. त्याच्या लेखी सगळं मद्रासी एकच, आणि खरं सांगायचं तर आमच्याही. पहिलं वाक्य ऐकताच मावसाचा चेहरा पडलेला मला दिसला... पण क्षणभरच. टीव्हीशेजारी स्टूल टाकून, अर्धं तोंड पडद्याकडे आणि अर्धं आमच्याकडे करून, तो बेधडक सांगू लागला.

नदीकाठचं मोठं घर. त्यात एक पोरगा, एक पोरगी, दोघं चोरून भेटतात आणि मोठी माणसं संतापतात. मावसानं सांगितलं की हा आत्याचा पोरगा आणि ती मामाची पोरगी. मग मारझोड, कोंडून ठेवणं, रडारड. शेवटी एका म्हातारीला राहवलं नाही.

‘‘मामाचीच पोरगी हाये, तं लगन काऊन नाई लावून देत?’’

अख्खं गोदाम मावसाकडे बघू लागलं. मामाच्या पोरीसाठी एवढा कहर कोण करतं? मावसानं मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर एक बाई पेटी उघडून, लुगडं डोळ्यांना लावून रडत होती.

‘‘हे लुगडं तिच्या भावानं देल्लं होतं, बाई,’’ मावसा म्हणाला. ‘‘हलकं हाये म्हणून तिनं वापस केलं. तवापासून भाऊ-बहीण बोलत नाई. दोघंही मनातल्या मनात रडून राह्यले, अन् पोरं मरून राह्यले.’’

परत केलेलं लुगडं तिच्याच पेटीत कसं, हे कोणी विचारलं नाही. आईनं पदर तोंडाला लावला. मामा उगाच खोकला. शालू जमिनीकडे बघत होती. शेवटी पडद्यावरची ती दोघं हातात हात घालून नदीत उतरू लागली. पाणी गळ्याशी येतंय असं दिसताच मावसा उठला, ‘‘आता आंघोळ करून येतीन, मंग लगन,’’ म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

बाहेर चपला शोधता शोधता मामा आईजवळ आला. ‘‘बाई, ते लुगडं अजून माह्या पेटीतच हाये.’’ आईनं आधी चपला पायात घातल्या. मग म्हणाली, ‘‘मंग आनून देजो.’’ त्याच उन्हाळ्यात आमचं लग्न झालं, आणि आई ते हलकं लुगडं नेसून मिरवली. तमिळ कधी शिकलात, असं मी मावसाला मांडवातच विचारलं होतं. तेलगू येते ना, मग झालं, असं म्हणून तो पंगतीत वाढायला निघून गेला.

तेरवीनंतर मावशीनं ते स्टूल आमच्याकडे ब्रह्मपुरीला पाठवलं. ठेवायचं कुठे याचा विचारही करावा लागला नाही, टीव्हीशेजारीच ठेवलं. आणि मागच्या रविवारी दुपारी दूरदर्शनच्या प्रादेशिक चित्रपटात अचानक ते नदीकाठचं घर दिसलं. शालू कणकेच्या हातानं धावत आली. या वेळी खाली इंग्रजीत ओळी येत होत्या. मी वाचत होतो आणि तिला सांगत होतो. ती दोघं सख्ख्या भावांची पोरं होती, चुलत बहीण-भाऊ. म्हणून तो सगळा कहर. रडणारी बाई विधवा, लुगडं तिच्या लग्नातलं, आणि तिला भाऊ तर सिनेमात नव्हताच. लुगड्याचा भाग मावसानं पदरचा घातला असणार, एवढं आम्ही तेव्हाच ओळखलं होतं. पण बाकीचा सिनेमा तरी खरा असेल असं धरून चाललो होतो. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. हा माणूस भर गोदामात, मामाच्या आणि आईच्या तोंडावर, आमचीच गोष्ट सांगत होता... आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता शालूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना. मावसाची फार आठवण आली.

सिनेमा शेवटाला आला. ती दोघं नदीकडे निघाली. पोरगी काहीतरी बोलत होती, मी ते वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात शालू उठली. तिनं आवाज बंद केला, स्टुलावर बसली आणि पदराचं टोक खालच्या इंग्रजी ओळींवर धरलं. अर्धं तोंड पडद्याकडे, अर्धं माझ्याकडे.

‘‘आता आंघोळ करून येतीन,’’ ती म्हणाली, ‘‘मंग लगन.’’

आणि पाणी गळ्याशी यायच्या आत तिनं बटण दाबलं.