टायगरला फोन दे

चहा घ्या आधी. घोट घशाखाली गेला का? मग सांगतो. नायतर मागल्या वेळी एकाच्या नाकातून चहा आला होता आणि बायको मला बोलली होती.

तर आमची मुरबाडच्या एमआयडीसीतली धाग्याची कंपनी बंद पडली. सकाळच्या पाळीला गेलो तर गेटला हे भलं मोठं टाळं. वॉचमन म्हणाला, "कंपनी बंद झाली." मी विचारलं, "किती वाजेपर्यंत?"

यावरून माझ्या डोक्याचा अंदाज आला असेलच तुम्हाला!

मग काय, घरी बसलो. किन्हवलीत माणूस दोन दिवस घरी दिसला की तिसऱ्या दिवशी सगळं गाव विचारतं, "काय रे गणपत, सुट्टी का?" शेवटी कंटाळून शहापूरला एसटी स्टँडसमोर भज्यांची गाडी टाकली. पहिला घाणा चव बघायला म्हणून मीच खाल्ला. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा बरा जमला का, ते बघायला खाल्ला. गिऱ्हाईक येईपर्यंत पीठ संपलं! बायको म्हणाली, "अवो, तुमी धंदा नका करू. तुमी कोणाची तरी चाकरीच करा."

तेवढ्यात चुलतभाऊ बाळू देवासारखा धावून आला. मुरबाडच्या पुढं मुंबईच्या एका शेठचं फार्महाउस होतं. आंब्याची झाडं, मोठा बंगला, आणि राखायला माणूस नाय. बाळूनं माझं नाव घातलं. शेठ म्हणाले, "महिनाभर बघतो. काम आवडलं तर कायम."

मोबाईल तेव्हा बिल्डर लोकांच्या हातात असायचे. बंगल्यात काळा फोन होता. तो वाजला की मी आधी टोपी सारखी करायचो, मग उचलायचो. एक दिवस शेठचा फोन आला.

"गणपत, उद्या टायगर येतोय. थोडे दिवस तिथंच राहील."

"येऊ द्या ना शेठ!"

"इथं फ्लॅटमध्ये त्याला कोंडल्यासारखं होतं. नुसता खातो आणि झोपतो. रोज फिरायला ने. मटण आवडतं त्याला. आणि जरा चिडका झालाय हल्ली, पण घाबरू नको, चावत नाही!" असं म्हणून शेठ स्वतःच हसले.

आता तुमीच सांगा. छातीवर हात ठेवून सांगा. टायगर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काय आलं? कुत्रंच ना?

दुसऱ्या दिवशी जीप आली. पुढच्या सीटवर ऐटीत बसलेलं हे एवढं वासरासारखं कुत्रं! जीप चालवत होता एक जाडगेला माणूस. विरलेला टीशर्ट, दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं. हा कोण? ड्रायव्हर. दुसरा कोण असणार!

मी धावत गेलो. कुत्र्याच्या बाजूचं दार उघडलं. "यावा, टायगरशेठ, यावा!"

"आलो," ड्रायव्हर म्हणाला.

मला वाटलं, काय इमानी माणूस आहे! कुत्र्याला बोलता येत नाय म्हणून त्याच्या वतीनं ओ देतो.

कुत्र्याला मी आतल्या खोलीत नेलं. पलंगावर नवी चादर, वर पंखा. ड्रायव्हर पिशवी घेऊन मागोमाग आत शिरायला लागला. मी त्याला दारातच अडवला.

"ए, तू कुठं? तुझी सोय पंपाच्या खोलीत. गोणपाट टाकलंय तिथं."

तो माझ्याकडं बघत राहिला. "जीजाजींनी... म्हणजे शेठनी सांगितलंय?"

आता 'जीजाजी' शब्द मी ऐकला का? ऐकला. डोक्यात शिरला का? मुंबईचे ड्रायव्हर मालकाला काय काय म्हणत असतील, आपल्याला काय ठाऊक!

"हो, शेठनीच!" मी दडपून सांगितलं.

तो बिचारा मान खाली घालून पंपाकडं गेला.

दुपारी मटण शिजवलं. घमेलंभर कुत्र्याला दिलं. ड्रायव्हरला भाकरी आणि सुकटीची चटणी. तो खिडकीतून मटणाकडं बघायचा, कुत्रं त्याच्याकडं बघायचं. मी त्याची समजूत काढली, "बघत नको बसू रे. ज्याचं त्याचं नशीब असतं."

संध्याकाळी फिरायला निघालो. मी हाक मारली, "टायगर, चल!" कुत्रं जागचं हललं नाय. ड्रायव्हर मात्र चपला घालून तयार!

"तुला नाय बोलवलं," मी म्हटलं. मग त्याच्या पोटाकडं बघितलं. "बरं, चल तू पण. तुलाच जास्त गरज आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात खराटा दिला. शेठ किती कंजूष आहेत, बाईसाहेबांचा आवाज आला की फोनवरच कसे मांजर होतात, हेही सगळं सांगून टाकलं. नोकर नोकराशी नाय बोलणार तर कोणाशी बोलणार? तो नुसता हुंकार देत अंगण झाडत होता.

आणि फोन वाजला.

"गणपत, टायगर कसा आहे?"

"एकदम मजेत! पलंगावर पाय वर करून पडलाय."

"वा! त्याला फोन दे."

मी गारच पडलो. पण म्हटलं, श्रीमंतांचे लाड असतात. नोकरी टिकवायची तर प्रश्न विचारायचे नाय. वायर ताणत रिसीव्हर नेऊन कुत्र्याच्या कानाला लावला.

"बोला शेठ, धरलाय कानाला."

शेठचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "टायगर, कसं वाटतंय? मन रमलं का?"

कुत्रं म्हणालं, "भौ!"

"असा का बोलतोस? रागावलास माझ्यावर? अरे, नोकरी गेली म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नये. दुसरी मिळेल. तुझी बहीण इथं रोज रडते."

मी चक्रावलो. कुत्र्याची नोकरी? आणि बहीण रडते?

"भौ! भौ! भौ!"

"टायगर! मोठ्या माणसाशी असं बोलतात का?"

मला राहवेना. मी रिसीव्हर ओढून घेतला. "शेठ, रागावू नका. त्याला बिस्किट पायजे."

पलीकडून शेठ हळूच म्हणाले, "गणपत... तू फोन कोणाला दिलायस?"

"टायगरला, शेठ."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "हां? मला कोणी हाक मारली का?"

मागं वळून बघतो तर ड्रायव्हर. हातात खराटा.

तुमाला सांगतो, कंपनीच्या गेटला टाळं बघितलं तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो! मी कुत्र्याकडं बघितलं, माणसाकडं बघितलं, परत कुत्र्याकडं बघितलं. महिना भरायच्या आत दुसरी नोकरी गेली!

त्यानं खराटा ठेवला, शांतपणे माझ्या हातातून फोन घेतला. "हां जीजाजी. लाइन खराब आहे. घसा पण बसलाय जरा. नाही नाही, गणपत चांगला माणूस आहे. मला रोज फिरवतो."

फोन ठेवला. मी त्याचे पायच धरले. "साहेब, तुमी बोललात का नाय हो?"

तो कसनुसा हसला. "माझी पण नोकरी गेली ना, गणपत. वाटलं, जीजाजींनीच सांगितलं असेल असं ठेवायला. नोकरी गेलेल्याला कोण पलंग देतो?"

घरात बसलेल्या माणसाचे काय हाल असतात, ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? त्या रात्री टायगरसाहेब पलंगावर, कुत्रं बाहेर आणि पंपाच्या खोलीतल्या गोणपाटावर मी. दुसऱ्या दिवशी दोघं एका ताटात मटण जेवलो. कुत्र्याचं खरं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रविवारी शेठ गाडीतून उतरले. मागोमाग एक गोरीपान, भरदार बाई. मी याआधी बाईसाहेबांना कधी बघितलं नव्हतं. मी ठरवलंच होतं, ह्या घरात जनावराचं नाव ऐकलं की माणूस समजायचा. पुन्हा चूक नाय!

शेठ म्हणाले, "गणपत, राणीला आधी त्या आंब्याला बांध. फार अंगावर येते."

मी बाईसाहेबांकडं बघितलं. आंब्याकडं बघितलं. दोरीकडं बघितलं. आणि हात जोडले.

"शेठ, नोकरी गेली तरी चालंल, पण बाईंना बांधायचं काम माझ्याच्यानं नाय व्हायचं!"

टायगरसाहेब ओट्यावरून खालीच बसले, हसून हसून. जीपमधून आलेल्या त्या कुत्र्याकडं बोट दाखवत ओरडले, "अरे, राणी ही! ही राणी!"

शेठ लालबुंद झाले. पण बाईसाहेब इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळे पुसत म्हणाल्या, "ह्याला काढायचं नाही हं. माझा भाऊ कितीतरी दिवसांनी हसलाय."

टायगरसाहेबांना पुढं ठाण्याला चांगली नोकरी लागली. माझीही कायम झाली. फक्त शेठचा फोन आला की ते 'हॅलो' म्हणायच्या आधी सांगतात, "गणपत, नीट ऐक. दोन पायांचा येतोय!"